आज कधी संपणार?

बालवाडीला चार आठवडे कुलूप.
शिक्षिका म्हणाली, "मजा करा!"
आणि स्वतः दक्षिणेला पळाली, ऊन शोधायला.

ऊन वार्डोतही आहे. चोवीस तास आहे.
ऊब तेवढी नाही.
जुलैच्या नऊ तारखेला कानटोप्या घालून
आम्ही तिघं समुद्रात दगड मारायला गेलो.
सुन्निवानं साठ मारले, मोजून.
आयलिवनं एकच.
आणि तोच त्याला परत हवा होता.

मग बटणं.
रागनीचा शिवणाचा डबा जमिनीवर उपडा केला.
लाल इकडे, निळी तिकडे,
दोन भोकांची, चार भोकांची.
म्हटलं, तासाभराची निश्चिंती.
अकरा मिनिटं!
एक बटण आयलिवच्या नाकात गेलं
आणि उरलेली सकाळ
आम्ही सगळे मिरपूड हुंगत बसलो.

मग मैदा, मीठ, पाणी.
सुन्निवानं खेकडा केला, अकरा पायांचा.
खेकड्याच्या बोटींची इंजिनं दुरुस्त करतो मी,
म्हटलं, "बाई गं, एक पाय जास्त झाला."
"तो सुट्टीत उगवलाय," ती म्हणाली.

इंजिन बरं.
बिघडलं तर एका जागी बिघडतं,
आणि भोंगा वाजला की
त्याला तिथंच सोडून घरी येता येतं.

दुसऱ्या गावांतल्या बापांना संध्याकाळ असते.
दिवेलागण झाली, चला आत, म्हणायची सोय असते.
आमचा सूर्य
खुंट्याला बांधलेल्या बोकडासारखा
गावाभोवती गोल गोल फिरतो,
बसत नाही.
रात्री अकराला भिंतीवर टक्क ऊन.
रागनी वृद्धाश्रमात रात्रपाळीला निघते तेव्हा
शेजारचा ओडबियर्न कुंपण रंगवत असतो.

"आज कधी संपणार?" आयलिव विचारतो.
"तू झोपलास की."
तो विचार करतो. साडेतीन वर्षांचा आहे,
पण विचार करताना माझ्या वडिलांसारखा ओठ चावतो.
"मग मी झोपलोच नाही तर
आज राहील?"

खिडक्यांना मी स्वयंपाकघरातली चंदेरी पन्नी चिकटवली होती.
दोघांनी तिच्यातून सात मासे कापून काढले.
आता मासे सोफ्याखाली पडलेत
आणि माशांच्या आकाराचं ऊन
अंथरुणावर पोहतंय.

बारा तारीख असेल. किंवा तेरा.
गोदामातून वॉशिंग मशीनचं खोकं उचलून आणलं,
आडवं ठेवलं, दाभण घेतलं
आणि वरच्या बाजूला टोचत सुटलो,
काही ठरवलं नव्हतं,
खरं सांगायचं तर राग काढत होतो.
मग आत शिरलो.
अंधार.
आणि बाहेरचं ते निरुद्योगी ऊन
भोकाभोकातून डोकावत होतं.

"ही काय रात्र?" सुन्निवानं विचारलं,
मे महिन्यापासून भेट नव्हती त्यांची.
"हो. खोक्यात मावेल एवढीच मिळाली."
पुठ्ठ्याचा वास येत होता, साबणाचाही थोडा.
आयलिवनं एका ताऱ्यात बोट घातलं.
तारा गेला. बोट काढलं. आला.
घातलं. काढलं.

कधी डोळा लागला कळलं नाही.
जाग आली ती कुजबुजीनं:
"श्श! बाबा झोपलाय.
आता आपण त्याला सांभाळायचं."
मग पायावर एक टॉवेल, ओला.
पोटावर अकरा पायांचा खेकडा.
आणि डोळ्यांना ऊन लागू नये म्हणून
प्रत्येक पापणीवर एक एक बटण.
चार भोकांची,
बोटांनी चाचपून निवडलेली.

मी हललो नाही.
नाकाला खाज सुटली, तरी नाही.
बारा मिनिटं झाली, वीस झाली,
ती दोघं माझ्या दोन बाजूंना बसून
श्वास मोजत होती,
एकोणतीसनंतर पुन्हा वीस.

मध्येच आयलिवनं
खोक्याचं झाकण ढकलून
डोकं बाहेर काढलं.
"संपलं का आज?" सुन्निवा.
"नाही," तो म्हणाला,
आत आला,
आणि झाकण ओढून घेतलं.