टिंब

विष्णुपुरीत रात्री दोनला लाइट गेली
की गौसभाईचा फोन येतो:
म्याडम, फ्रीझर रडायलाय.
उणे ऐंशीचा आहे तो. उणे साठपर्यंत मी धीर धरते,
त्यापुढे स्कूटी काढते.

आत चौतीस तोंडं आहेत,
कुणाचा तांदळाएवढा तुकडा, कुणाचा नुसता कापूस,
आणि प्रत्येक तोंड कधी ना कधी माझ्याशी बोललेलं.

एकोणीस नंबर, धुरपताबाई गव्हाणे, मुक्काम लोहा.
चाळीस वर्षं तव्यावर तंबाखू जाळून
दाढेशी मिसरी धरलेली.
संमतीपत्र मी तिला वाचून दाखवलं, सगळं, कलम नऊपर्यंत.
तिनं विचारलं, तुकडा परत मिळंल का?
नाही म्हणाले.
मग अंगठा दिला.

अहवालात मी लिहिते, ऑक्सिडेटिव्ह ताण.
आईला सांगताना म्हणते, चिरलेलं वांगं
वाऱ्यावर राहिलं की काळं पडतं ना, तसं,
पण आतल्या आत,
आणि ज्या हवेवर जगतो तिच्याचमुळे.
आई म्हणते, मग मिठाच्या पाण्यात टाकावं की.
टाकून पाहिलं, आई.
बशीतल्या पेशी ऐकतात. माणूस ऐकत नाही.

त्याच्या पुढचं वांग्यात बसत नाही.
पेशीतलं अक्षर कुणी खोडत नाही,
फक्त त्याच्या डोक्यावर एक टिंब येऊन बसतं
आणि मद चा मंद होतो,
वश चा वंश.
राखणीला ठेवलेलं जनुक
मरत नाही, फितूर होत नाही,
गप्प बसतं.
गप्प बसवलेली माणसं मी घरात पाहिली, खात्यात पाहिली,
त्याचा आलेख निघतो हे ठाऊक नव्हतं.

एन्झाइम हैदराबादहून येतं,
ट्रॅव्हल्सच्या डिक्कीत, बर्फाचं पाणी झालेलं.
बायसल्फाइट इथंच कालवते.
त्यात धुतलं की बिनटिंबाची अक्षरं बदलून जातात,
टिंबवाली तेवढी जागची हलत नाहीत.
धुऊन डाग उरला म्हणून खूश होणारी
मी घरातली पहिलीच बाई.

एकोणिसाव्यात टिंबंच टिंबं निघाली.
ती निघणारच होती.
सत्ताविसाव्यातही निघाली.
सत्तावीस म्हणजे निरोगी, तुलनेला घेतलेलं,
घाईत, गालाच्या आतून कापूस फिरवून,
कारण त्या दिवशी एक माणूस आलाच नाही.
सत्तावीस मी आहे.

तंबाखूला मी कधी शिवले नाही.
आई बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडत होती,
मी पोटात, पाचवा महिना,
दगडाची भुकटी, सुकडीची रांग.
ही गोष्ट लिहायला हात शिवशिवतो.
लिहीत नाही.
नमुने चौतीस. एका आईवरून सिद्धांत होत नाही.
कुपी बाटली असेल,
माझाच हात लागला असेल.
पुन्हा केलं. पुन्हा केलं.
टिंब जागेवर.

पुढच्या गुरुवारी धुरपताबाई तपासणीला आली,
अर्धा जबडा काढलेला, पदर नाकापर्यंत.
खुणेनंच विचारलं, काय लिहिलेलं निघालं माझ्यात?
मी आलेखाचा कागद पुढे केला.
तिला वाचता येत नाही हे मला माहीत होतं,
मला कितपत येतं हे तिला नव्हतं.
बराच वेळ बघत राहिली.
मग एका रेघेवर बोट ठेवलं, तिची,
आणि दुसरं बोट हळूहळू सरकवत
खाली एका रेघेवर आणलं.
सारख्याच तर आहेत.
ही कोण?

आहे एक बाई, म्हणाले, नांदेडचीच.

पदराआडून शब्द आले, अर्धे चुरगळलेले,
तिसऱ्यांदा सांगितलं तेव्हा कळले:
तिला म्हणावं, मिसरी सोड.

सांगते, म्हणाले.

बाहेर गौसभाई
जनरेटरमध्ये डिझेल ओतत होता.