फारसं खारट नाही

नवतपाचा तिसरा दिवस. शेहेचाळीस.
कूलरच्या टाकीत पाइप सोडून बसलो होतो,
तेवढ्यात शलाकाचा फोन.
पडद्यावर आधी नुसतं नाक, मग केस,
मग केसांच्या मागे काहीतरी राखाडी,
हलणारं.

'बाबा, ओळखा कुठे आहे.'

मागडेबुर्गहून पहाटे पाचची गाडी,
दोनदा बदलली, अर्ध्या रस्त्यात उभीच.
शनिवार-रविवार रॉस्टॉक.
सोबत कोणी नाही. 'इल्केला सर्दी झाली ना.'
आठ जणांच्या खोलीत वरची खाट, सत्तावीस युरो.
मी मनात गुणाकार सुरू केला
आणि सोडून दिला.

अंगात जाकीट. मे महिन्यात.
'थंडी वाजून राहिली, बाबा.'
इकडे माझी बनियन पाठीला चिकटलेली.
तिनं फोन फिरवून दाखवला:
वाळूवर वेताच्या खुर्च्या, डोक्यावर छत असलेल्या,
इतवारीतल्या टोपल्या कोणी उभ्या करून ठेवाव्या तशा.
त्यात म्हातारी माणसं पायावर शाली घेऊन
समुद्राकडे पाठ, उन्हाकडे तोंड.

एकतीस वर्षं मी नंदनवनच्या टाकीवर व्हॉल्व्ह फिरवले.
कोणत्या गल्लीला किती वाजता पाणी,
झोपेतून उठवून विचारा.
पाणी म्हणजे चावी, दाब,
क्लोरीन पाहायच्या नळीतला पिवळा रंग,
आणि सकाळी सहाला दारात आलेल्या बाया, रिकाम्या गुंडांसकट.
समुद्र मी पाहिलेला नाही.

ती साडेचार वर्षांची असताना
पुरीचं रिझर्वेशन रद्द केलं होतं.
(संपात पगार कापला गेला, की तिच्या आईचं ऑपरेशन निघालं,
यावर आमचं दोघांचं अजून जुळत नाही.)
रडू नये म्हणून संध्याकाळी स्कूटरवर पुढे उभी केली
आणि फुटाळ्याला नेली.
वारा होता.
लाटा म्हणता येईल असं पाण्यावर काहीतरी होतं.
म्हटलं, हाच.
तिनं मुठीतले फुटाणे समुद्राला दिले.

दुसरीत बाईंनी विचारलं, समुद्र कोणी कोणी पाहिला?
एकच हात वर.
वर्ग किती हसला ते तिनं घरी सांगितलं नाही.
बाईंनीच सांगितलं, पालकसभेत.
मीही हसलो,
सगळे हसत होते म्हणून.

फोनमध्ये वारा घुसत होता, अर्धं ऐकू येईना.
'काय दिसतं?'
'काहीच नाही. तेच तर.
फुटाळ्याला पलीकडे झाडं तरी दिसायची.
इथं पलीकडे कोणी काही ठेवलंच नाही.'

यावर बापानं काय म्हणावं?
सुचलं ते खात्यातलंच:
'चव घेतली काय?'

ती वाकली. पडद्यावर आभाळ आलं,
एक जाडजूड पांढरा पक्षी आडवा गेला,
मग ओली बोटं, मोठी, भिंगाजवळ.

'फारसं खारट नाही, बाबा.
आईच्या वरणापेक्षा कमी.'
या समुद्रात नद्याच फार येतात म्हणे,
मीठ पुरत नाही.
मग थोडं थांबून,
'फुटाळ्याएवढं गोड नाही पण.'

मी म्हटलं, जाकिटाची चेन लाव.

फोन ठेवला तेव्हा कूलरची टाकी कधीचीच भरून
पाणी निनावेंच्या अंगणात उतरलेलं.
'ओ भाऊ! पाणी वाया जाऊन राहिलं ना!'
एकतीस वर्षं हे वाक्य मी लोकांना ऐकवलं.

फरशीवरून ते माझ्या पायापर्यंत आलं,
कोमट,
चपलेच्या खालून पुढे गेलं.
मी लगेच उठलो नाही.