टीप

तो दर ऑक्टोबरात यायचा, मका कापून झाला की.
हिरव्या पिकअपमध्ये लाकडी पेटी. पेटीत ब्रश, चोचीची तेलाची डबी,
आणि सुया, कागदात ओळीनं खोचलेल्या,
चर्चच्या पायऱ्यांवर गायला उभ्या केलेल्या मुलींसारख्या.

डेल्मर व्होबोरिल. शिलाई मशीनवाला.
प्लॅट नदीच्या दोन्ही काठांवर असं घर नव्हतं
ज्याचं मशीन त्यानं उघडलं नाही.
दारात बूट काढायचा. कॉफीत साखर नको म्हणायचा.
माझ्या मशीनला कान लावून म्हणाला होता,
"ताण फार ठेवता, मिसेस लुंडीन.
दोरा थोडा सैल सोडावा. तुटतो."
मी सोडला. आणि खरंच,
त्या वर्षी एकदाही तुटला नाही.

हे मला कुणी विचारलं नाही. कोर्टात वेगळंच विचारलं.

शहात्तरच्या उन्हाळ्यात नदी इतकी आटली
की तळाच्या वाळूच्या बरगड्या दिसायला लागल्या.
जिथं मार्चमध्ये क्रौंच उतरतात, हजारोंनी,
तिथं मासे शोधणाऱ्या एका पोराला आधी सँडल सापडली.
शेरीफ ब्रुक माझ्या दारात उभा. टोपी हातात.
कागदी पिशवीत वीतभर निळं कापड.
"ही टीप तुझी का, आर्डिथ?"

टीप ओळखायला चेहरा लागत नाही.
इंचाला नऊ टाके, किंचित डावीकडे कललेले,
वळणापाशी दोनदा उलट फिरवलेले. आईची खोड, माझ्यात उतरलेली.
दोन वर्षं वाळूत, आणि एक टाका उसवला नव्हता.
इतकं चांगलं चालत होतं मशीन.

हो, म्हटलं. ट्वायला पेलिकान. शाळा संपली तेव्हाचा फ्रॉक.
कंबर तेवीस. टेप लावली की गुदगुल्या व्हायच्या तिला.

मग पेपरात तो. रोज तो.
बाप कसा मारायचा, आई कशी निघून गेली,
थंडी, कोंबड्या, तळघर.
लिंकनहून आलेल्या एका बाईनं त्याच्या डोळ्यांवर अख्खा परिच्छेद लिहिला.
मी पाहिलेत ते डोळे. दमलेले, पिवळट,
नेढ्यात दोरा ओवताना बारीक होणारे. बस्स.
मुलींना एकेक ओळ:
ट्वायला पेलिकान, अठरा.
जोरीन हॅमस्टेड, बावीस, वेट्रेस.
लव्होन शुल्टे, एकतीस, दोन मुलं.
आणि एक अनोळखी.

त्याचा वकील म्हणाला, टाक्यावरून का कुणी माणूस ओळखतं?
मी त्याच्या बाहीकडे बघितलं.
"हे बटण बायकोनं नाही लावलेलं. तुम्ही लावलंत.
गाठ वर ठेवलीत."
लोक हसले. डेल्मरही हसला,
आणि मान हलवली, मशीन लागलं की हलवायचा तशी.
अर्धा क्षण मीही हसले, त्याच्याकडे बघून.
हे मी पाद्र्यालाही सांगितलेलं नाही.

तो तुरुंगात मेला. न्यूमोनिया. गादीवर.

लोक म्हणाले, ते मशीन नदीत टाक.
नदीला अजून काय काय द्यायचं?
विकावं, तर कुणाच्या घरात?
चादर टाकून ठेवलंय. चालतं का, बघितलेलं नाही.
चालत असणार. तेच तर.

चौथीला न्यायला कुणी आलं नाही.
चार वर्षं काउंटीच्या कपाटात होती, नंबर लावून. मग पुरायचं ठरलं.
मी कॉरोनरला फोन करून मापं विचारली.
उंची पाच फूट एक. खांदे अरुंद.
बाकी सांगता येत नाही, बाई.
वय?
पंधरा. नाहीतर बावीस.

पिवळं पॉपलिन आणलं. हातानं शिवलं, अकरा रात्री.
तो म्हणाला, खाली एवढं कापड दुमडलंय कशाला?
मी दोन इंच माया जास्त ठेवली होती.
पंधराचीच असेल, तर.
अजून वाढायची असेल.