घुबडाच्या पाठीवरचा घाव

त्रिएस्तेत बोरा वारा सुटला
की दुकानाची काच आतून घुमायला लागते,
आणि लिव्हिओ कोसुत्ता दाराला
जुन्या लिलावांच्या याद्यांचा गठ्ठा लावून ठेवतो.
आज त्या गठ्ठ्यावर एक पार्सल आहे.
ह्यूस्टनहून परत.

आत प्लास्टिकची डबी, चारी बाजूंनी वितळवून बंद.
डबीत अथेन्सचं चांदीचं नाणं,
आणि डोक्याशी छापील पट्टी,
इस्पितळात खाटेला लावतात तशी :
झीज नगण्य. ठसा, पाचपैकी तीन.
पृष्ठभाग, पाचपैकी दोन. शेरा : घाव.
सोबत गिऱ्हाइकाची चिठ्ठी, सभ्य.
तुमच्या यादीत ‘उत्कृष्ट’ लिहिलं होतं.
तपासून घेतलं.
नाही आहे.

ती यादी माझ्या हातची.
चौदा वर्षं मी हेच करते आहे :
मेलेल्या शहरांच्या चिल्लरीला
विशेषणं लावते.

भिंग घेऊन पुन्हा बसले.
देवीच्या शिरस्त्राणावर तुरा नाही, हे खरं.
पण तो झिजला नाही, तो उतरलाच नव्हता कधी.
साचा मोठा, चकती लहान,
आणि हातोडा मारणारा
बहुधा दिवसातली आठशेवी चकती ठोकत होता;
घामाने चिमटा सरकला असेल,
कुणी हाक मारली असेल जेवायला.
काठ गोल हवा, चेहरा मधोमध हवा
हे यंत्राच्या पोटी जन्मलेल्या पैशाचे संस्कार.
ते त्याच्या कानावर कोण घालणार होतं?
तरी पेपर तपासला आपण त्याचा,
चोवीसशे वर्षांनी,
आणि दोन गुण कापले.

आता घाव.
घुबडाच्या पाठीतून आरपार जाईल असा,
एकाच फटक्यात मारलेला, छिन्नीचा.
कुठल्याशा बंदरावर,
जिथे ही अक्षरं कुणाला वाचता येत नव्हती,
एका माणसाने हे नाणं हातात घेतलं
आणि त्याच्या मनात पाल चुकचुकली.
वरून चांदी, आत तांबं, असं फसला असेल मागे कधी.
त्याने देवी पाहिली नाही, घुबड पाहिलं नाही,
छिन्नी टेकवली आणि मारली.
आतही चांदीच होती.
त्याने मान डोलावली असेल. गहू मोजून दिला असेल.

तोही दर्जाच ठरवत होता.
त्याच्या मोजपट्टीला दोनच घरं, खरं आणि खोटं,
आणि त्याच्या लेखी
घाव बसला तेव्हाच हे नाणं
उत्कृष्ट झालं.

लिव्हिओने काही न बोलता पक्कड काढली.
डबी मोडताना असा आवाज झाला
की शेजारच्या घड्याळवाल्या ओंदिनाने डोकावून पाहिलं.
पट्टी टेबलाखाली गेली, गुणांसकट.
तर्जनीच्या टोकावर त्याने नाणं तोललं
आणि पेन्सिलीने हलकेच टोचलं.

वाजलं.
घावामुळे सूर जरासा चिरका,
पण खणखणीत.
‘डबीत हे कुणाला ऐकू येणार होतं, नीव्हेस?’

मग मी नोंद नव्याने लिहिली.
‘उत्कृष्ट’ खोडलं, तिथे दुसरं काही घातलं नाही.
तुरा नाही. तुरा कधीच नव्हता.
पाठीवर घाव, जुना, एकदाच तपासल्याचा.
वजन सतरा ग्रॅम, वर थोडं.
वाजतं.

लिव्हिओने चष्मा कपाळावर सरकवून दोनदा वाचलं.
छान आहे, म्हणाला.
आणि खालच्या किमतीतून
दोनशे युरो कमी केले.