दोन पिना

ब्याऐंशी टक्क्यांवर पडदा काळा.
पंखे थांबत नाहीत, त्यांचा एक श्वास चुकतो फक्त,
आणि मदरबोर्डवाल्या कंपनीचं बोधचिन्ह उगवतं
काहीच घडलं नाही अशा चेहऱ्याने.

वांद्र्याच्या न बांधलेल्या टॉवरचा
एकोणतिसावा मजला रेंडर करत होते.
गिऱ्हाइकाला हवं होतं संध्याकाळचं ऊन, सोफ्यावर तिरपं.
तीन तासांचं ऊन गेलं.

यंत्राची नोंदवही उघडली. कोड एक्केचाळीस:
मागच्या खेपेस यंत्र रीतसर बंद झालं नव्हतं.
एवढंच.
मयताच्या दाखल्यावर लिहितात ना,
हृदय बंद पडल्याने.

लॅमिंग्टन रोडचा मुर्तुझा म्हणाला,
मॅडम, रॅम. नेहमी रॅमच असते.
खोडरबराने तिचे सोनेरी दात पुसले,
पट्ट्या दुसऱ्या-चौथ्या खाचेत बसवल्या,
एक्सएमपी बंद केलं, वेग छत्तीसशेवरून
एकवीसशे तेहतीसवर आणला,
धापा टाकणाऱ्याला म्हणावं, जरा दमानं, तसं.
रात्रभर मेमरी तपासली. त्या रात्री
किडे येतात म्हणून खिडकी लावून घेतली होती.
चार फेऱ्या, शून्य चुका.
इतकं निर्दोष कोणी निघालं की मला भीती वाटते.

खालचे बॅप्टिस्टा अंकल म्हणाले, अर्थिंग.
मोरी रोडवरच्या सगळ्या दुखण्यांचं त्यांच्याकडे हेच निदान,
गुडघ्यासकट.
सुभान वायरमनने टेस्टर लावला, दिवा पेटला,
दोनशे रुपये घेतले आणि जाता जाता म्हणाला,
अर्थिंग चांगलंय, बिल्डिंग वाईट आहे.

मग बायॉस. रात्री अडीचला त्या राखाडी पानांतून
एक पूर्णांक पस्तीस व्होल्ट. सी-स्टेट बंद,
म्हणजे प्रोसेसरला डुलकी घ्यायची मनाई.
दोघंही जागे.
शेवटी नाण्याएवढी बॅटरी काढली,
पाच मिनिटं मोजली, परत बसवली.
बोर्ड सगळं विसरला. घड्याळ म्हणालं,
एक जानेवारी दोन हजार एकोणीस, मध्यरात्र.

त्या तारखेला मी विवाहित होते.
तारीख थोडा वेळ तशीच राहू दिली.
मग बदलली.

पुन्हा गेला. सदुसष्ट टक्क्यांवर. मग नवावर.
मग काहीच चालू नसताना, नुसता वॉलपेपर बघत बसला होता तेव्हा.

गुरुवारी खाडीकडून वारा होता,
भिंतींना घाम, मीठदाणीत गोळा.
मी फडक्याने कॅबिनेट पुसत होते,
राग काढायला नव्हे, हाताला काम हवं म्हणून,
आणि बोट रिसेटच्या बटणाशेजारून गेलं. शेजारून.
पंख्यांचा श्वास चुकला.

पुढची जाळी उपसली. अठराशे रुपयांचं कॅबिनेट,
मीच म्हटलं होतं, डब्यावर कशाला खर्च करायचा.
बटणाच्या पोटात तांब्यावर हिरवट मीठ चढलेलं,
दोन पत्रे एकमेकांना टेकतील-न-टेकतीलसे,
हवा ओलावली की टेकणारेच.
दोन महिने मी ज्याला आजार म्हणत होते
ती आज्ञा होती.
दाबत कोणी नव्हतं. दाबलं जात होतं:
पहिल्यापासून सुरू कर. पहिल्यापासून.
आणि तो बापडा दर वेळी करत होता, कारण न विचारता.

वायर उपटली.
बोर्डच्या कोपऱ्यात दोन पिना उघड्या,
नथ काढल्यावर दिसतं तसं काहीतरी.

आज सतरावा दिवस. वेग परत छत्तीसशेवर.
एकोणतिसाव्या मजल्यावरच्या सोफ्यावर ऊन पोचलं,
गिऱ्हाईक म्हणतं, आता सकाळचं दाखवा.
बटण अजून आहे जागच्या जागी.
रेंडर अडकलं की बोट सवयीने तिथे जातं.
टिक्.
आत काही होत नाही.
मग खुर्चीत मागे रेलते, वाट बघते.
खिडकी उघडीच आहे.