गळती : एक

उद्या समिती येणार.
उचगावच्या माळावरचं आमचं कॉलेज
आज दिवसभर फिनेलनं धुतलं.
शिरोलीहून उसना आणलेला पुतळा
कौशल्य-कक्षात पाठीवर झोपवला,
त्याच्या छातीतली स्प्रिंग शाबूत आहे.
आमच्याचा खांदा गेल्या वर्षी निखळला,
पिंडरीवर शाईचे डाग, स्पिरिटनंही न जाणारे.
तो जिन्याखालच्या खोलीत, चादरीखाली,
मयतासारखा.

मी तक्ता सहा भरतेय.
फिजिशियन असिस्टंट, तुकडी दुसरी. प्रवेश : बत्तीस.
वेळेत उत्तीर्ण. उशिरा उत्तीर्ण. नोकरी. गळती.
रकान्याची रुंदी दीड सेंटिमीटर.
प्राचार्य दारातूनच म्हणाले,
"आकडा ऐंशीच्या वर दिसला पाहिजे, मॅडम.
खोटं नको. पण दिसला पाहिजे."

म्हणून फोन लावत बसलेय.
शुभदा आडनाईक पुण्यात, कॅथलॅबमध्ये,
कुजबुजत बोलली, मागे यंत्राचा टिक टिक आवाज.
सासूला वाटतं ती नर्स आहे;
समजावून दमली, आता हो म्हणते.
नोकरी : होय.
सुकुमार मगदूम शाहूपुरीत, वडलांच्या पंपाच्या दुकानात.
"मुलाखती दिल्या की मॅडम. विचारत्यात,
डॉक्टर न्हाईस, ब्रदर न्हाईस, मग हाईस तरी कोण?"
मी पेन्सिलनं लिहिलं : स्वयंरोजगार.
मग खोडलं.
मग परत लिहिलं.
अफसाना बागवानचा नंबर अस्तित्वात नाही.
वर्गात पहिली यायची ती.

वेळेत उत्तीर्ण सव्वीस.
भागाकार दोनदा केला : एक्क्याऐंशी पूर्णांक पंचवीस.
प्राचार्यांना झोप लागेल.

उरला बाजीराव पडवळ, साळवणचा.
तिसऱ्या वर्षाची फी थकली, तसा एका सोमवारी आलाच नाही.
आता दूध संघाच्या गाडीवर आहे,
पहाटे गगनबावड्याकडून कॅन भरून आणतो.
त्याला फोन करायची गरज नाही.
गळतीला पुढचा रकाना नसतो.

पण ऑगस्टमध्ये त्यानंच केला होता,
रात्री नऊला, आवाज धावल्यासारखा.
"मॅडम, घोणस. बांधावर. चाळिशीची बाई हाय.
दोरी बांधू दिली न्हाई कुणाला, चिरू बी दिलं न्हाई.
पाय फळीवर ठेवलाय, हलू देत न्हाई.
भगत आलाय, त्याला कॅनवर बसवलाय गप.
अजून काय राहिलं?"
मी म्हटलं, वेळ.
"लिवली की," म्हणाला. जरा रागानंच.

सीपीआरच्या अपघात विभागातल्या पोरीनं
नंतर मला सांगितलं,
दूधगाडीतून एक बाई उतरवली,
अंगाला दुधाचा आंबूस वास,
आणि पायावर बॉलपेनच्या तीन रेघा,
सूज जिथवर चढली तिथं तिथं :
आठ पन्नास. नऊ वीस. नऊ पंचावन्न.
"एवढी नीट नोंद आमच्याकडं रेफर होऊन येणाऱ्या
चिठ्ठीवरसुद्धा नसते," म्हणाली.
"कुठल्या कॉलेजचा तो?"

मी तेव्हा आमच्या कॉलेजचं नाव सांगितलं होतं.
आज तक्त्यात लिहिलं, गळती : एक.
कारण : वैयक्तिक.

सकाळी समिती आली. तिघं.
खुर्च्या मोजल्या, पुस्तकांवरचे शिक्के पाहिले,
उसन्या पुतळ्याची छाती दाबली, ती छान वर आली.
एकजण जिन्याखाली डोकावले.
"हा कोण?"
"बाद झालाय, सर."
त्यांनी चादर थोडी वर केली, पायाकडून.
पिंडरीवर निळ्या शाईत कच्चं, पोरसवदा अक्षर,
पहिल्या वर्षाच्या सरावातलं :
सात दहा. सात चाळीस.
"हे पुसून घ्या," म्हणाले,
आणि जेवायला किती वाजता, ते विचारलं.