एवढीशी जागा

सीपीआरच्या ओपीडीत इंटर्न पोरगी विचारते,
मान वर न करता,
“घरात कुणाला शुगर? बीपी? हार्टचं काही?”
केसपेपरवर त्यासाठी एक ओळ आखलेली.
माझ्या अंगठ्याएवढी.

म्हटलं, बापाला होती. पाय काढला गुडघ्याखाली.
तिनं लिहिलं, वडील, होय,
आणि पेन उचललं.

मॅडम, थांबा की.
आईचं राहिलं.

आईला शुगर नाही.
पण बहात्तरच्या दुष्काळात, जतच्या बाजूला, पाझर तलावाच्या कामावर
मी पोटात असताना तिनं खडी फोडली.
लाल मिलोची भाकरी, दुपारी वाटीभर सुकडी,
त्यातली निम्मी थोरलीला.
मी झालो तेव्हा तराजू नव्हता कुठं.
मुकादमानं घमेलं रिकामं करून दिलं, त्यात निजवला.
आई म्हणते, अजून एक पोर मावलं असतं शेजारी.
नाव धोंडीराम. दुसरं काय ठेवणार?

हे कुठं लिहिणार तुम्ही?

उद्यमनगरात तीस वर्षं मोल्डिंग करतोय.
साचा एकच असतो, लाकडाचा, हात फिरवला तर गुळगुळीत.
त्याच्यावर दिवसाला चाळीस पेट्या भरतो.
पण वाळू रोजची वेगळी.
ओल जरा जास्त राहिली की रस ओतताना वाफ कोंडते,
लोखंडाच्या पोटात फुगा धरतो.
वरून काही दिसत नाही. हातोडीनं वाजवा, खणखणीत.
माल गाडीत चढतो, बिल निघतं,
आणि महिन्यांनी कुठल्यातरी लेथवर, तिसऱ्या कटाला,
भोक उघडं पडतं.
गिऱ्हाईक फोनवर ओरडतं, साचा खराब आहे तुमचा.

धाकटा सर्जेराव कोल्हापुरातला, पंच्याऐंशीचा.
तोच बाप, तीच आई,
नाकही तेच, मधेच विचार बदलल्यासारखं.
तो पोटात असताना बाप संध्याकाळी गंगावेशीतनं
धारोष्ण दूध आणायचा तांब्यातनं, झाकून.
लाडू खाऊन तपासली तरी शुगर एकशे दहा.
आता तो बारा वर्षांनी लहान आहे, ते सोडा,
आणि बँकेत पंख्याखाली बसतो, तेही सोडा.
सोडत गेलं तर हातात काय राहतं
ते मला कळत नाही.

मी तरी कुठला साधू?
भट्टीवर चार चमचे साखरेचा चहा, दिवसातून आठदा.
रविवारी पांढरा, तांबडा, वरनं पुन्हा पांढरा.
पोटातला उपास मी ताटात फेडला.
शरीराला एकदा शिकवलं होतं की मिळेल ते दडवून ठेव,
त्यानं शब्द पाळला.
त्याला कुणी सांगितलंच नाही
की आपण जत सोडलं.

यातलं बापाचं किती, खडीचं किती,
रात्रपाळीचं किती, जिभेचं किती?
लावा आणेवारी.
पिकाची लावली होती तेव्हा तहसीलदारानं,
सातबाऱ्यावर भावाभावांत लावतात,
याची का नाही लागत?

पोरीनं ओळीच्या शेवटी एक अधिकचं चिन्ह काढलं.
“काका, गोळ्या चौदा नंबरला.”
तिचाही काही दोष नाही. मागं रांग जिन्यापर्यंत होती.

सानिका माहेरी आलीय. पाचवा लागलाय.
रोज दारातच माझ्या हातातला शर्ट घेते,
पायरीवर झटकते,
वाळू काळी, पिठासारखी, फुंकर मारली तरी उडणारी.
तिच्या आईनंही तिच्या वेळी असाच झटकलेला,
नऊ महिने.
मी बघत उभा असायचो, चहाची वाट बघत.

आज कोपऱ्यावरच्या नळाशी थांबलो.
शर्ट तिथंच काढला, तिथंच धुतला, बनियनवर.
मुलाणी हसला, “काय धोंडीबा, बायको रुसली?”
म्हटलं, व्हय.

घरात शिरलो तर सानिका विचारते,
डॉक्टर काय म्हणाले?

म्हटलं, जेवलीस का?